सुरक्षिततेसाठी क्रोम सोडून फायरफॉक्स घ्यावा का?

कडीकोयंडा: घ्यावा, आणि आजच. मॅनिफेस्ट व्ही३, म्हणजे एक्स्टेन्शनसाठीचे (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमसाठीचे) नवे नियम, आल्यावर क्रोममध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं मूळ एक्स्टेन्शन बंद पडलं, उरली ती त्याची हलकी आवृत्ती, लाइट. 'तुमच्या संगणकात व्हायरस सापडला' अशी भामटी पानं बऱ्याचदा जाहिरातींतूनच उघडतात. फायरफॉक्समध्ये मूळ यूब्लॉक पूर्ण ताकदीनं चालतं, अँड्रॉइडवरसुद्धा.

शून्यप्रहर: जाहिरात अडवणं आणि हल्ला अडवणं यात तुमची गल्लत होतेय. प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या कप्प्यात, कोंडायचं काम क्रोमनं डेस्कटॉपवर २०१८ मध्येच सरसकट केलं, फायरफॉक्सला त्यासाठी २०२१ उजाडलं. एका टॅबमधल्या घातक पानाला शेजारच्या बँकेच्या टॅबची मेमरी वाचता येऊ नये, म्हणून ही भिंत असते. नेहमीच्या जाहिराती लाइटही अडवतंच.

उंबरठा: भिंतीची चर्चा चाललीय, पण किल्ली आपणच वाटतो त्याचं काय? 'सर्व वेबसाइटवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' या परवानगीला हो म्हटलं, की एक्स्टेन्शन बँकेच्या पानावरही बसतं. साइट आयसोलेशन, म्हणजे वरची भिंत, तिथे कामाला येत नाही. रिकामे टॅब झोपवणारं 'द ग्रेट सस्पेंडर' आठवा. मालक बदलला, आणि २०२१ मध्ये गूगलनं ते मालवेअर म्हणून काढून टाकलं. अपडेट आपोआप येतं, त्यामुळे नव्या मालकाचा कोड गुपचूप आत शिरतो. दोन-तीनच एक्स्टेन्शन ठेवा. क्रोममध्ये त्यांचा साइट अ‍ॅक्सेस 'क्लिक केल्यावर' असा करा.

कडीकोयंडा: यूब्लॉकही तीच परवानगी मागतं, हे खरं. पण फायरफॉक्सच्या 'शिफारस केलेल्या' यादीतल्या एक्स्टेन्शनचा कोड मोझिलाची माणसं तपासतात, आणि यूब्लॉक त्या यादीत आहे. बाकीची सरळ काढा.

शून्यप्रहर: एक्स्टेन्शनचा मुद्दा मान्य, ब्राउझरबद्दलचं मत तेच. मात्र क्रोम वापरणाऱ्यांनीही तो बंद करून पुन्हा उघडायला हवा. अपडेट उतरतं, पण लागू होतं ते पुन्हा सुरू केल्यावरच. पन्नास टॅब सांभाळत महिनाभर तसाच चालू ठेवला, तर बुजवलेली भोकं तुमच्याकडे उघडीच राहतात.

उंबरठा: आणि खोट्या लॉगिन पानापुढे दोन्ही ब्राउझर लंगडे. 'कनेक्शन सुरक्षित आहे' हे तिथेही दिसतं, कारण त्यासाठी लागणारं साइटचं प्रमाणपत्र भामट्यालाही फुकट मिळतं. पासवर्ड मॅनेजर मात्र पत्ता अक्षरशः जुळवतो. त्यानं रकाना भरला नाही, तर हातानं टाइप करू नका, आधी पत्ता वाचा. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या (/) लगेच डावीकडचं नाव खऱ्या मालकाचं. त्याआधी बँकेचं नाव कितीही वेळा आलं तरी त्याला अर्थ नाही.