मदत हवी आहे : बाबा सियाचिनला निघण्याआधी लहान मुलीला कसे सांगावे?

माझे पती भारतीय सैन्यात असून पुढच्या महिन्यात त्यांची पलटण सियाचिनला जात आहे. तेथे कुटुंबाला सोबत राहता येत नसल्याने मी सव्वादोन वर्षांच्या मुलीसह साताऱ्याला सासूबाईंकडे राहणार आहे. तिला रोज रात्री बाबाच झोपवतात. ट्रंक भरायला काढल्यापासून ती त्यांच्या बुटांजवळच बसून राहते, हे पाहून जीव तुटतो. वरच्या चौक्यांवरून रोज बोलणे होईलच असे नाही, म्हणून त्यांच्या आवाजात गोष्टी आणि अंगाई ध्वनिमुद्रित करून ठेवत आहोत. परंतु तो आवाज ऐकून ती अधिक व्याकूळ तर होणार नाही ना? तिला किती दिवस आधी सांगावे? ती झोपेत असताना गुपचूप निघणे मला पटत नाही, सासूबाईंना मात्र तेच योग्य वाटते. ज्यांनी हे अनुभवले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.