मोठी गोधडी अडली आहे. ऋतूंच्या छोट्या वॉलपीसवर हात बसवावा का?

अर्धवट_गोधडी:
दोन वर्षांपूर्वी हौसेने डबल बेडची गोधडी शिवायला घेतली. अडीच इंचाचे चौकोन, नऊ बाय नऊचा एक ब्लॉक, असे वीस ब्लॉक. सात झाले आणि गाडी थांबली. शिवणीत दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच कड (माया) जाते, म्हणून एक ओळ जोडून झाली की साडेअठरा इंच भरायला हवी, माझी भरते साडेसतरा. एखादी पावणेअठरा. ब्लॉकांच्या मधल्या पट्ट्या मी शहाणपणा करून आधीच साडेअठराच्या कापून ठेवल्या होत्या. त्यांना जुळावं म्हणून ओळी ओढून ओढून शिवल्या, तर ब्लॉकला मधोमध टेंगूळ आलं. उसवलं, परत शिवलं, परत टेंगूळ. आता ती पिशवी कपाटावर आहे आणि मी त्या बाजूला बघत नाही.

आता डोक्यात आहे की दर ऋतूला एक छोटा वॉलपीस करायचा. पाऊस, पानगळ, थंडी, ऊन. पण ही पळवाट तर नाही ना? छोटं म्हणजे किती छोटं? आणि कुठल्या तुकड्यावर काय शिकायचं, असं कुणी ठरवून केलंय का?

उसवणी:
पळवाट असली तरी चांगली आहे. माझे अकरा झालेत, त्यातले तीन भिंतीवर लावण्यासारखे आहेत.

मोठ्या गोधडीत तुम्ही चौकोन जोडायला शंभरदा शिकता आणि गोट (कडेची दुमडलेली पट्टी) लावायला एकदाच, तेही दोन वर्षांनी, कंटाळून गेल्यावर. बारा बाय सोळा इंचाचा तुकडा घ्या. कापणं, जोडणं, भराव, अस्तर, टिपा, गोट, टांगणं, सगळं पंधरवड्यात एकदा हाताखालून जातं. वर्षात चार वेळा गोट लावलात की कोपरे आपोआप सुधारतात. ऋतूचा फायदा एवढाच की तारीख ठरलेली असते. पाऊस संपल्यावर छत्री टांगायची लाज वाटते, म्हणून काम संपतं.

एका तुकड्यावर एकच नवी गोष्ट, हे मी कटाक्षाने पाळते. (एकदा नाही पाळलं. त्याचं पुढे सांगते.)

पावसापासून सुरू करा. करड्या-निळ्या उभ्या पट्ट्या जोडायच्या आणि त्यावर तिरप्या सरळ टिपा मारायच्या, झाला पाऊस. यात फक्त सरळ शिवण आणि माया शिकायची.

पानगळीला पानाचा ब्लॉक. नऊ घरं, त्यातली चार अर्ध्या-अर्ध्या त्रिकोणांची, तीन पानाच्या रंगाची, एक देठाचं, एक रिकामं. घर तीन इंचाचं हवं असेल तर हिशोबाने चौकोन तीन इंच सात सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कापायचा. मी सरळ चार इंच कापते, कर्णावर खूण करून दोन्ही बाजूंनी पाव इंचावर टीप मारते, मधोमध कापते आणि उघडून साडेतीनला छाटते. छाटायला कंटाळा येतो, पण टोकं जुळतात. इथे इस्त्री फिरवू नका, ठेवा आणि उचला. कर्णाची कड उरेब (विणीला तिरपी, म्हणून ताणणारी) असते, इस्त्री ओढली की त्रिकोणाची होडी होते.

थंडीला पांढऱ्यावर पांढरा हाताचा धावदोरा. उन्हाला सूर्याचा गोल, इस्त्रीने चिकटणाऱ्या जाळीने लावून कडेने काजटाका. त्या जाळीच्या कागदावर चित्र उलटं काढायचं असतं. मी ते विसरले आणि माझा पक्षी चौकटीच्या आत यायच्या ऐवजी बाहेर निघाला. तो अजून निघालेलाच आहे.

गोटाचा कोपरा मात्र नीट वाचा, माझे पहिले चार कोपरे कानाच्या पाळीसारखे गोल झाले होते. पट्टी अडीच इंच रुंद, उभी दुमडून इस्त्री केलेली, लांबी घेराच्या दहा इंच जास्त. म्हणजे बारा-सोळाला सहासष्ट इंच. तुकड्याच्या कडेने पाव इंचावर शिवत या आणि कोपरा पाव इंच उरला की थांबा. टाका पक्का करा, दोरा कापा, तुकडा काढा. आता पट्टी सरळ वर दुमडा, पंचेचाळीस अंशांची घडी दिसेल. ती बोटाने दाबून धरा आणि पट्टी परत खाली आणा, वरची घडी कापडाच्या वरच्या कडेशी अगदी समान. मग कडेपासून नवी टीप सुरू. मागे उलटवलं की कोपरा आपसूक टोकदार येतो. थांबायचं तिथे थांबला नाहीत तर तो कधीच येत नाही, कितीही ओढा.

टांगायला चार इंचाचे दोन चौकोन तिरपे दुमडा आणि मागे वरच्या दोन कोपऱ्यांत टाचून ठेवा. गोट लावताना त्यांच्या उघड्या कडा त्यातच शिवल्या जातात. रुंदीपेक्षा जराशी कमी काठी त्या दोन खिशांत अडकवली की झालं.

आणि तो एकदाचा हट्ट: एकाच तुकड्यात पहिल्यांदा त्रिकोण, चिकटकाम आणि मोकळ्या हाताच्या टिपा. मध्ये दाट नक्षी, बॉर्डर रिकामी. मधला भाग आवळला, बॉर्डरची झालर झाली. भिंतीवर चपटं बसेचना. टिपा सगळीकडे साधारण सारख्याच दाट हव्यात, हे त्या दिवशी कळलं.

तिरपी_टीप:
उसवणींचं बरंचसं पटतं, पण एक राहिलं. छोट्या तुकड्यावर मोठ्या गोधडीचं वजन कळत नाही. मशीनच्या हाताखालून गुंडाळी सरकवणं, ती टेबलावरून खाली लोंबली की टाके लहान-मोठे होणं, हे वीस वॉलपीस करूनही येणार नाही. चार झाले की एकदम डबल बेडवर उडी मारू नका, मध्ये मांडीवर घेण्याएवढं काहीतरी करा.

आणि पावसाआधी तुमचा हरवलेला इंच शोधा. दीड इंचाच्या तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा. मधली पट्टी नेमकी एक इंच दिसायला हवी. पाच मिनिटांचं काम आहे.

अर्धवट_गोधडी:
केलं. मधली पट्टी सात सूत. म्हणजे एक सूत कमी. नऊ चौकोनांच्या ओळीत आठ जोड, प्रत्येक जोडाला एक सूत, आठ सूत म्हणजे एक इंच. दोन वर्षं मी कापणीला शिव्या देत होतो! कड मशीनच्या पायाच्या बाहेरच्या काठाला धरून शिवायचो, तो काठ सुईपासून पाव इंचावर असतो असं गृहीत धरून.

उसवणी:
तुमच्या मशीनचा नसणार, अर्धा सूत जास्त असेल. दोन्ही बाजूंची माया मिळून एक सूत जातं. पट्टी सुईखाली ठेवा, सुई हाताने पाव इंचाच्या खुणेवर उतरवा आणि पट्टीच्या कडेला मशीनवर जाड चिकटपट्टीचे तीन-चार थर लावा. कापड त्या भिंतीला घासत गेलं पाहिजे. पाव इंचाहूनही केसभर कमीच ठेवा, कारण घडीत दोरा आणि कापड थोडं खातं. मग परत तीन पट्ट्या.

जुने सात ब्लॉक फेकू नका. चूक सगळीकडे सारखी असेल तर ती चूक राहत नाही, मधल्या पट्ट्या साडेसतराच्या कापा. फक्त पावणेअठराच्या ओळी दुरुस्त करा.

अर्धवट_गोधडी:
पिशवी खाली काढली. पावणेअठराच्या ओळी मोजल्या, अकरा आहेत. आज उसवायला बसत नाही. चिकटपट्टी लावली, दुसऱ्यांदा मधली पट्टी बरोबर इंच भरली, आणि करड्या कापडाच्या पहिल्या चार पट्ट्या कापून झाल्यात.