मदत हवी आहे: राफियाच्या लढाईतले हत्ती

इ.स.पू. 217, आजच्या गाझातलं रफाह. एकीकडे सेल्युसिड (सीरियाकडच्या ग्रीक घराण्याचा) राजा तिसरा अँटिओकस, 102 भारतीय हत्ती. समोर इजिप्तचा चौथा टॉलेमी, 73 आफ्रिकी हत्ती. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो की भारतीय हत्तींचा वास, चीत्कार आणि आकार यांनीच आफ्रिकी हत्ती बिचकले, मागे फिरले आणि आपल्याच रांगांत घुसले. (तरी लढाई टॉलेमीनेच जिंकली, ते वेगळं!)

माझं घोडं इथे अडलंय. आफ्रिकी हत्ती तर भारतीयांपेक्षा मोठे ना? 'ते घनदाट जंगलात राहणाऱ्या (फॉरेस्ट) जातीचे, बुटके होते' हे ठरलेलं उत्तर वाचलंय. पण टॉलेमी राजे हत्ती आणायचे तांबड्या समुद्राच्या किनाऱ्याकडून, आणि 2014 च्या डीएनए अभ्यासात इरिट्रियातले आजचे हत्ती सव्हाना (गवताळ प्रदेशातल्या, मोठ्या) जातीचेच निघाले.

पॉलिबियसचा पाचवा खंड इंग्रजी भाषांतरात वाचला आहे. ग्रीक येत नाही. सेल्युकसला चंद्रगुप्ताने दिलेल्या 500 हत्तींची गोष्टही माहीत आहे, ती इथे नको.

मग पॉलिबियसच्या लिहिण्यात आफ्रिकी हत्ती लहान कशामुळे? पकडलेले हत्ती वयाने कोवळे होते, की तो निव्वळ ऐकीव समज लिहितोय? नाण्यांवरून किंवा हाडांवरून याचा काही पुरावा कुणाला ठाऊक आहे का?