सावित्री नदीवरच्या पुलाचं काम चालू असताना बघितलेलं कुणी आहे का? (महाड-राजेवाडी)

पोलादपूरची_लेक:
परवा माहेरी जाताना लेकाने गाडीतून विचारलं, आई इथे आधी काय होतं, आणि मला धड सांगता येईना. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री मुंबई-गोवा हायवेवरचा 1928 चा दगडी पूल वाहून गेला, मग नवा 165 दिवसांत उभा राहिला, हे पेपरातलं झालं. मला हवंय काठावरचं. शेती कसली होती, नदीत कुठून उतरायचे, काम चालू असताना काय दिसायचं?

राजेवाडीकर:
ताई, आमचं घर हाकेच्या अंतरावर. जुन्या पुलाच्या दगडांच्या फटीत झाडं उगवलेली, लहानपणापासून तशीच बघितली, कुणाला काही वाटायचं नाही (वाटायला हवं होतं म्हणा). काठावर भात काढलं की त्याच ओलीवर वाल, पावटा. 2016 च्या डिसेंबरात काम लागलं ते रात्रंदिवस, फोकस लावून, मिक्सर गाड्यांची रांग, म्हातारी माणसं वैतागली होती. वालावर एवढी धूळ की शेंग तोडली की बोटं पांढरी, त्या वर्षी पोपटीला (शेंगा मडक्यात भाजायचा आमच्याकडचा बेत) शेंगा आधी धुऊन वाळवून मग मडक्यात भरल्या, चव काय लागणार! पण काम भराभर झालं हे मान्य करायलाच पाहिजे, जूनच्या सुरुवातीला गाड्या चालू.

खाडीपट्टा_७७:
आम्ही खालच्या अंगाला. भरतीचं पाणी पार महाडपर्यंत चढतं त्यामुळे पूल पडला त्या आठवड्यात नदी खाली काय नेईल नि वर काय आणून टाकेल नेम नव्हता. वाहून गेलेल्या गाड्या नि माणसं शोधायला नेव्हीचे पाणबुडे, एनडीआरएफ, क्रेनला लोहचुंबक लावून पाण्यात सोडलेला. त्यात मगरी! बाहेरच्यांना पटत नाही पण महाडात मगरी आहेतच, म्हणून उतारावर पोरांना एकटं सोडत नाहीत. त्यावर्षी गणपतीला चाकरमानी सगळे शेजारच्या 2001 च्या पुलावरून, जाणारे येणारे एकाच पुलावर, जाम विचारू नका.

पोलादपूरची_लेक:
@राजेवाडीकर दादा पोपटीचं वाचून हसले. उताराची वाट अजून आहे का? आणि जमीन गेली का कुणाची?

राजेवाडीकर:
वाट आहे पण झुडपं माजलीत, पावसाळ्यात जाऊ नका. जमिनीचं म्हणाल तर चौपदरीकरणात हायवेकडेची बरीच गेली, आणि सातबाऱ्यावर आजोबांच्या काळापासूनची नावं, निम्मे हिस्सेदार मुंबईला, सह्या गोळा करता करता नाकी नऊ. आमच्या चुलत्यांचं अजून मिटलेलं नाही. नक्की कुठला तुकडा कुणाचा हे हवं असेल तर भूमी अभिलेखमधून गाव नकाशा काढा, तलाठ्याकडून जुने फेरफार घ्या आणि सोबत गावातला एखादा जाणता माणूस न्या, नकाशावर बांध असतो, आंब्याचं झाड नसतं.

खाडीपट्टा_७७:
आणि कुणाकडे जुन्या कमानींचा दिवसाचा फोटो असेल तर टाका रे, माझ्याकडे सगळे पुरातलेच आहेत.