चूक यंत्रणेची की ती चालवणाऱ्यांची?

एका खोट्या इशाऱ्यामुळे मोबाईलवरील आपत्कालीन सूचनांची सारी व्यवस्थाच कुचकामी ठरते, असे मत काही जण मांडतात; मला ते पटत नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी अमेरिकेच्या हवाई राज्यातील बेटांवरच्या लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा आणि हा सराव नसल्याचा खोटा इशारा वाजला, तेव्हा तंत्राने आपले काम चोख केले होते. दोष होता तो इशारे पाठवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या पद्धतीत, कारण दुसऱ्या कोणाच्याही मंजुरीविना एक कर्मचारी तो संदेश पाठवू शकत होता. मला अधिक गंभीर वाटतो तो पुढचा विलंब: इशारा खोटा असल्याचे सांगणारा मजकूर आधी तयारच ठेवलेला नसल्याने फोनवर खुलासा यायला तब्बल ३८ मिनिटे लागली, आणि तोवर माणसे मुलांना कुशीत घेऊन बाथटबमध्ये बसून होती. दोघांच्या मंजुरीचा नियम त्यानंतर झाला.