विषय: मुळा, गाजर, बीट घरी लावायचंय – जुलै उजाडला, आता उशीर झाला का?

नमस्कार मंडळी,
आम्ही याच वर्षी अपार्टमेंटमधून घरात आलो, मागे छोटंसं बॅकयार्ड आहे आणि एका कडेला चांगलं ऊन येतं. बागकाम कधीच केलेलं नाही. इथे दुकानात मुळा मिळतो पण पाला कापून टाकलेला असतो, आणि मला पाल्यासकट मुळा हवाय, सासूबाई येणार आहेत ऑक्टोबरमध्ये. शेजारी म्हणाले सगळं मे महिन्यात लावायचं असतं. मग आता पुढच्या वर्षापर्यंत थांबू का? शिकागो सबर्बमधलं कोणी सांगेल का? माती चिकट आहे, पाऊस पडला की बुटाला गोळे लागतात.
– नवीन घरवाली, ऑरोरा

---

ताई, थांबू नका, उलट मुळ्याची खरी वेळ आत्ता येतेय!

शेजारी सांगतात ते टोमॅटो-मिरचीचं. आपल्या लांब पांढऱ्या मुळ्याचं गणित वेगळं आहे. तो दिवसाच्या लांबीवर चालतो. पुण्यात जूनचा दिवस तेरा तासांच्या जरा वर असतो आणि इथे पंधराच्या वर जातो, शिवाय एप्रिलमध्ये पेरलं तर सुरुवातीला थंडीही लागते, मग झाडाला वाटतं की आता फुलायचं, आणि खाली मूळ पोसायच्या आधीच मधून दांडा वर येतो. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पेरा, दिवस आखूड होत जातात आणि मूळ निवांत भरतं. पन्नास-साठ दिवसांत काढायला येतो. इथे शिकागोकडे पहिलं दव गोठतं ते साधारण ऑक्टोबरच्या मध्याला, म्हणजे सासूबाईंना ताजा मुळा नक्की.

गाजर मात्र याच आठवड्यात पेरा, त्याला सत्तर दिवस तरी लागतात. बीट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालेल. लाल गोल मुळे तर सप्टेंबरच्या सुरुवातीलाही टाका, महिन्याभरात ताटात.

आता मातीचं, कारण कंदमुळांत सगळं तिथेच ठरतं. पाना-फळांच्या भाजीत वरून खत घालून सावरता येतं, इथे येत नाही. मूळ खाली जाताना दगड, ढेकूळ किंवा घट्ट थर लागला की त्याला फाटे फुटतात. त्या चिकण मातीशी लढत बसू नका, फळ्यांचा उंच वाफा करा, फूटभर खोल, त्यात चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळलेली भुसभुशीत माती. ताजं शेणखत अजिबात नको. आणि नायट्रोजनचं खत ओतलं की पाला कमरेएवढा आणि खाली बोटाएवढं मूळ.

अजून एक, हे जरूर वाचा. घर १९७८ च्या आधीचं असेल तर भिंतीलगतच्या मातीत जुन्या पेंटमधलं शिसं असू शकतं. मुळाला माती चिकटून येते म्हणून कंदमुळांत याची काळजी जास्त. माती लॅबमध्ये तपासून घ्या, काउंटीच्या एक्स्टेंशन ऑफिसला (विद्यापीठाचं शेती-बागकाम सल्ला केंद्र) विचारलं तर लॅबची नावं सांगतात. उंच वाफ्यात बाहेरची माती असेल तर बरीच चिंता मिटते.
– नेपरव्हिलचे काका

---

काकांनी मातीचं सांगितलं, मी गाजराच्या उगवणीचं सांगते, कारण नवीन लोक तिथेच कंटाळतात. बी अगदी बारीक, पाव इंचापेक्षा खोल टाकायचं नाही, आणि उगवायला दोन आठवडेही लागतात. तेवढ्या दिवसांत वरचा थर एकदा जरी कडक वाळला तरी कोंब मरतो. जुलैच्या उन्हात हे फार होतं. म्हणून पेरून पाणी दिल्यावर ओळीवर ओलं गोणपाट किंवा लाकडाची फळी ठेवा आणि रोज सकाळी उचलून बघा. पहिलं हिरवं दिसलं की त्याच दिवशी काढायची. सुरुवातीला दोन बारीक लांब पानं येतात, गवतच वाटतं, उपटू नका! तिसरं पान कोथिंबिरीसारखं कातरलेलं येतं, मग ओळख पटते.

आणि विरळणी करायचीच. जीव होत नाही हे मला कळतं, पण गाजरात दोन इंच, लांब मुळ्यात सहा इंच अंतर सोडलं नाही तर कोणाचंच मूळ भरत नाही. बीटचं एक बी म्हणजे खरं तर बियांचा घोस असतो, एकाच जागी तीन-चार रोपं येतात, त्यातलं एक ठेवायचं. काढलेली मुळ्याची रोपं धुवून कोशिंबिरीत घाला, फार छान लागतात.

ज्यांच्याकडे फक्त बाल्कनी आहे त्यांनी बारा इंच खोल कुंडी आणि पॉटिंग मिक्स घ्या, 'पॅरिस मार्केट' नावाचं गोल गाजर मिळतं ते कुंडीत मस्त येतं.
– शॉमबर्गहून

---

एक राहिलं. मुळ्याच्या कोवळ्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर ते बारीक काळे उड्या मारणारे किडे. पेरल्या दिवसापासूनच वर रो-कव्हर म्हणजे पांढरं पातळ कापड घाला, कडा मातीत दाबून, पाणी त्यातून जातं. मुळात बोगदे पाडणाऱ्या अळीची माशीही त्यानेच अडते.

आणि कोणाचा वसंतातला मुळा फुलावर गेला असेल तर उपटून टाकू नका हो! डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागू द्या. कोवळ्या असतानाच तोडायच्या, जून झाल्या की धागे लागतात. मोहरी-हिंगाची फोडणी, थोडं दाण्याचं कूट, इथल्या दुकानात ही भाजी सहसा मिळत नाही.
– एक आजी, सध्या लेकीकडे, पॅलाटाईन

---

आजी, डिंगऱ्या!! लहानपणानंतर खाल्ल्याच नाहीत. सगळ्यांचे मनापासून आभार, शनिवारी फळ्या आणतोय. घर १९९० नंतरचं आहे. पाणी रोज घालायचं का?
– ऑरोरा

---

उगवेपर्यंत रोज, नंतर आठवड्याला इंचभर, पाऊस धरून, पण खोलवर. आठवडाभर कोरडं आणि मग एकदम भरपूर असं झालं की गाजर-मुळा तडकतो. गाजराचा माथा मातीवर दिसला तर भर लावा, ऊन लागून हिरवा आणि कडू होतो. आणि पहिल्या हलक्या फ्रॉस्टला घाबरून गाजरं काढू नका, थंडीने गोडी वाढते. बी माझ्याकडे उरलंय, मुळ्याचं चार वर्षं तरी टिकतं, रविवारी मराठी शाळेत घेऊन येतो.
– नेपरव्हिलचे काका