परेडच्या फोटोखाली काय लिहायचं?

खाडीकाठचा
दापोलीजवळच्या आमच्या वाचनालयात दुसऱ्या महायुद्धाच्या फोटोंचं प्रदर्शन लागतंय. सगळ्यात मोठा फोटो पॅरिसचा, 29 ऑगस्ट 1944. मागे विजयकमान, आणि शाँझेलिझे या हमरस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत अमेरिकन सैनिकांच्या रांगा. खाली चिठ्ठी: 'विजयी सैन्याचे संचलन'. माझा आक्षेप या चिठ्ठीला आहे. पॅरिस चार दिवस आधीच जर्मनांच्या ताब्यातून मोकळं झालं होतं. ही 28वी डिव्हिजन आघाडीवर निघाली होती. फ्रेंच नेते द गॉल यांना शहरात ताकद दाखवायला सैन्य हवं होतं, दोस्त सैन्याचे सरसेनापती आयझेनहॉवर यांना ते तिथे अडकवून ठेवायचं नव्हतं. मग काय, आघाडीची वाटच शहरातून काढली! नीट बघा, पोरं लढाईच्या पोशाखात आहेत. नोव्हेंबरात हीच डिव्हिजन जर्मनीतल्या ह्युर्टगेनच्या जंगलात लढायला गेली आणि मेलेले, जखमी, कैद, बेपत्ता मिळून सहा हजारांवर माणसं गमावून बसली. ते फोटोखाली यायलाच हवं.

माजी सुभेदार
नको. फोटो त्या दिवसाचा आहे, नोव्हेंबरचा नाही. अमेरिकेने 1945 मध्ये याच संचलनाचं तीन सेंटचं तिकीट काढलं, त्यावर ह्युर्टगेन लिहिलं होतं का? रांगेत पाऊल जुळतं तेव्हा शेजारचा काय करणार हे कळतं, लढाईत तेच उपयोगी पडतं. तुम्ही प्रत्येक मिरवणुकीला तेराव्याचं पान वाढायला निघालात.

खाडीकाठचा
काका, पानच वाढायचं तर मेलेल्यांच्या नावाने एखादा घास ठेवा की.

हर्णैची पोर
सुभेदारकाकांच्या बाजूने एक उदाहरण. मॉस्को, 7 नोव्हेंबर 1941. जर्मन दाराशी आलेले, बर्फ पडतंय, आणि लाल चौकातलं संचलन संपवून तुकड्या थेट आघाडीवर. तिथे परेड हीच बातमी होती: शहर अजून उभं आहे. पण गंमत बघा, स्टालिनचं भाषण कॅमेऱ्यात नीट आलंच नाही, म्हणून मागाहून क्रेमलिनच्या दालनात देखावा उभारून पुन्हा चित्रित केलं. एवढ्या थंडीत तोंडातून वाफ कशी येत नाही, असं बारकाईने बघणाऱ्यांनी विचारलंच. त्यामुळे चिठ्ठी हवी, पण फोटो कसा निघाला ते सांगणारी. पुढे किती मेले हा वेगळा तक्ता.

मालवणी माणूस
अरे बाबांनो, पॅरिस-मॉस्को सोडा, आमच्या माणसांचो फोटो खंय हा? पयल्या महायुद्धात इराकातल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्यो, 29 एप्रिल 1916 ला तुर्कांपुढे शरणागती झाली, कितीतरी जण कैदेतच मेले. ते बोटीत चढताना कोणी फुलां टाकल्यानी?

मंडणगडकर
आणि ज्यांना रांगेतच घेतलं नाही त्यांचं काय? आमच्या भागातल्या महारांची लष्करात पिढ्यान्‌पिढ्यांची चाकरी, पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भरती बंद केली. 1917 मध्ये माणसं कमी पडली तेव्हा 111वी महार पलटण उभी केली, 1921 मध्ये मोडली. परत रेजिमेंट मिळाली ती 1941 मध्ये, पुन्हा युद्ध पेटल्यावरच. संचलनाचा फोटो बघताना मी आधी मोजतो, कोण नाही ते.

माजी सुभेदार
मंडणगडकरांचं मान्य. तो तक्ता जरूर लावा, वेगळ्या भिंतीवर. बाकीच्यांना विचारतो, माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. 10 जुलै 1944 ला इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस. तिथे लोक हार घालतात, मृत्यूचा दाखला चिकटवत नाहीत.

खाडीकाठचा
पण ते कसे गेले हे सगळ्यांना ठाऊक असतं, काका. पुतळाच त्यासाठी उभा आहे. पॅरिसच्या फोटोतल्या पोराबद्दल आमच्या आठवीतल्या मुलांना काय ठाऊक? ती 'जिंकून घरी चाललेत' म्हणतात, मी स्वतः ऐकलंय. 'विजयी' खोडा, 'आघाडीवर जाताना' लिहा. ह्युर्टगेनची एक ओळ खाली बारीक अक्षरात चालेल.

माजी सुभेदार
'आघाडीवर जाताना' चालेल. ती बारीक ओळ नाही चालणार. समितीच्या बैठकीत मी विरोधात बोलणार, आत्ताच सांगून ठेवतो.